दूरस्थ रुग्णपरीक्षेची योग्या
विद्यार्थ्यांना दूरचिकित्सेचे कौशल्य कसे शिकवावे?

रुग्णाची नाडी हाती नाही, उदर स्पर्शास उपलब्ध नाही, त्याच्या श्वासाचा वा व्रणाचा गंध आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि तरीही त्याला काहीतरी निश्चित सांगावयाचे आहे, असा प्रसंग आज आपल्यापैकी प्रत्येकावर आठवड्यातून अनेकदा येतो. भ्रमणध्वनी खणखणतो, संदेश येतो, जिभेचे छायाचित्र येते. आपण उत्तर देतो. हे उत्तर देणे म्हणजे चिकित्साकर्म आहे, याची जाणीव मात्र आपल्याला क्वचितच असते.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. माझे एक जुने रुग्ण, वय पन्नाशीच्या पुढे, अनेक वर्षांचा अम्लपित्ताचा त्रास. एके सायंकाळी त्यांचा संदेश आला, 'वैद्यराज, आज जळजळ फार आहे, मागचेच औषध घेऊ का?' चिकित्सालयात गर्दी होती. मी 'हो, घ्या' एवढेच उत्तर पाठविले. त्याच रात्री त्यांच्या मुलाने त्यांना रुग्णालयात दाखल केले. तो हृद्विकाराचा झटका होता. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाले आणि ते बचावले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, उलट 'तुम्ही तरी काय करणार, तुम्ही समोर नव्हता' असे म्हणाले. परंतु मला ते समर्थन पटले नाही. मी समोर नव्हतो हे खरे, पण मी विचारू शकत होतो. जळजळ नेमकी कोठे आहे, चालताना वाढते का, घाम आला का, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे वेदना जाते का, हे चार प्रश्न दूरध्वनीवर दोन मिनिटांत झाले असते. हेच गृहस्थ चिकित्सालयात येऊन बसले असते तर त्यांच्याकडे न पाहता मी औषध दिलेच नसते. दूर असताना मात्र मी परीक्षेवाचून औषध दिले.

या घटनेनंतर मी स्वतःला विचारले, की आपण विद्यार्थ्यांना नाडीवर बोटे कशी ठेवावीत हे शिकवितो, पण नाडी हाती नसताना काय करावे हे कधी शिकवितो का? उत्तर नकारार्थी होते. प्रस्तुत लेख या उणिवेविषयी आहे.

दूरचिकित्सेची वाटचाल

दूरचिकित्सा ही महासाथीची निर्मिती आहे असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी रुग्णालयातील रुग्णाचे हृद्विद्युत् आलेखन दूरध्वनीच्या तारेने सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील आपल्या प्रयोगशाळेत घेतले होते. आपल्याकडे २००० मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यात दूरचिकित्सा केंद्र सुरू झाले आणि पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाच्या साह्याने अनेक दूरस्थ रुग्णालये मोठ्या शहरांशी जोडली. केंद्र शासनाची 'ई-संजीवनी' सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारे दिलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली.

२०२० च्या टाळेबंदीने या सर्व गोष्टींना वेग आला हे मात्र खरे. त्या वर्षी २५ मार्च रोजी आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. पाठोपाठ त्याच वर्षी तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०२१ मध्ये या परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. या तत्त्वांचा गाभा साधा आहे. वैद्य नोंदणीकृत असावा, वैद्य व रुग्ण या दोघांचीही ओळख एकमेकांस स्पष्ट असावी, रुग्णाची संमती असावी, सल्ल्याची नोंद ठेवावी, आत्ययिक अवस्थेत प्रत्यक्ष उपचारांकडे विनाविलंब पाठवावे आणि दूरस्थ सल्ला पुरेसा नाही असे वाटल्यास तो नाकारण्याचा अधिकार वैद्याचा राहावा. वैद्याने हे शेवटचे कलम विशेष लक्षात ठेवावयास हवे. दूरध्वनीवर 'आपण प्रत्यक्ष या' असे सांगणे हेही चिकित्साकर्मच होय.

शास्त्राचा आधार

काही ज्येष्ठ वैद्यांचा आक्षेप असा, की स्पर्शाविना रुग्णपरीक्षा ही आयुर्वेदाला मान्यच नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील मधली एक वजा केली तर उरते ते अपुरे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु एखाद्या इंद्रियाचे द्वार बंद असताना काय करावे, याचा विचार आपल्या आचार्यांनीच केलेला आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील चौथ्या अध्यायात प्रत्यक्ष परीक्षेचे विवेचन करताना आचार्यांनी एक इंद्रिय जाणीवपूर्वक वगळले आहे. ते म्हणजे रसनेंद्रिय. रुग्णशरीरातील रस वैद्याने स्वतः चाखावयाचा नाही, तर तो अनुमानाने जाणावयाचा. रुग्णाला मुखातील चव विचारावी, शरीरावर माश्या बसतात का, उवा शरीर सोडून जातात का हे पाहावे व त्यावरून अनुमान करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे द्वार बंद होते म्हणून परीक्षा थांबली नाही, प्रश्न आणि अनुमान यांनी ती पूर्ण केली गेली. त्याच अध्यायात अग्नीची परीक्षा पचनशक्तीवरून आणि बलाची परीक्षा व्यायामशक्तीवरून करावी असेही म्हटले आहे. या दोन्ही गोष्टी दूरस्थ सल्ल्यात उत्तम प्रकारे साध्य होतात. 'काल रात्री काय जेवलात आणि सकाळी भूक केव्हा लागली?' हा प्रश्न दूरध्वनीवरही विचारता येतो. 'उठून खोलीत दोन फेऱ्या मारा आणि मग माझ्याशी बोला' असे सांगून श्वासाचा वेग पडद्यावर पाहता येतो.

नाडीपरीक्षेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही, ते प्रथम शार्ङ्गधरसंहितेत आढळते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितोच. नाडी ही परीक्षेतील एक मौल्यवान वाट आहे, एकमेव वाट नव्हे. ती उपलब्ध नसताना उरलेल्या वाटा अधिक काळजीने चालाव्या लागतात, एवढाच याचा अर्थ.

योग्येची परंपरा

दुसरा आक्षेप विद्यार्थी वर्तुळातून येतो. पडद्यासमोर बसून, खोट्या रुग्णाशी बोलून खरे कौशल्य कसे येणार? याचे उत्तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात आहे. शास्त्र पाठ केलेला शिष्यही योग्या, म्हणजे हाताने केलेला सराव, केल्याशिवाय कर्माला योग्य होत नाही, अशी सुश्रुताचार्यांची भूमिका आहे. म्हणून कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेदनाचा, पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर भेदनाचा, केसाळ चामड्यावर लेखनाचा, मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर वेधनाचा आणि मानवाकृती बाहुल्यांवर बंधनाचा सराव सांगितला आहे. कोहळा म्हणजे उदर नव्हे, हे सुश्रुतांना ठाऊक होतेच. परंतु हाताची पहिली चूक कोहळ्यावर व्हावी, रुग्णावर होऊ नये, हा त्यामागील विवेक आहे. हा योग्येचा अध्याय संपल्यानंतरच, दहाव्या अध्यायात, वैद्याने व्यवसायात प्रवेश कसा करावा याचे विवेचन येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे.

आधुनिक वैद्यकशिक्षणही याच वाटेने गेले आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीस विशिष्ट रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन यांनी एकामागून एक स्थानकांवर ठराविक वेळात कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेची मांडणी केली. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे अशा चार पायऱ्या सांगितल्या. दूरचिकित्सेबाबत आपले विद्यार्थी पहिल्या पायरीवरही क्वचितच उभे असतात, पण पदवी हाती येताच थेट चौथ्या पायरीवर ढकलले जातात.

काय शिकवावे?

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२१ मध्ये दूरचिकित्सेची कौशल्ये सहा गटांत मांडली. रुग्णसुरक्षा व दूरचिकित्सेचा योग्य वापर, सेवेची समान उपलब्धता, संवाद, माहितीचे संकलन व परीक्षा, तंत्रज्ञान, आणि नीती व कायदा हे ते सहा गट. आपल्या अभ्यासक्रमास अनुसरून मी त्यांतून पुढील बाबींवर भर देतो.

पहिली बाब म्हणजे आत्ययिक लक्षणांची चाळणी. संवादाच्या पहिल्या दोन मिनिटांत छातीतील वेदना, श्वासकष्ट, चेहरा वाकडा होणे वा हातापायातील शक्ती अचानक जाणे, रक्तस्राव, तीव्र उदरशूल, मूर्च्छा, बालकाचे निस्तेज होणे वा दूध न पिणे, गर्भिणीतील रक्तस्राव व आत्महत्येचे विचार यांची विचारपूस व्हावी. यांपैकी काहीही आढळल्यास संवादाचा हेतू बदलतो. औषधाचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका वा जवळचे रुग्णालय गाठून देणे हेच काम उरते. मानसिक आत्ययिक अवस्थेत १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक विद्यार्थ्यास पाठ असावा.

दुसरी बाब म्हणजे पडद्यावरील दर्शन. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येकाचे डोळे पांडुर वा पीत भासतात. म्हणून रुग्णाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसवावे आणि त्वचेच्या वा डोळ्याच्या शेजारी पांढरा कागद धरावयास सांगावा, म्हणजे रंगातील फरक कळतो. जिव्हापरीक्षेपूर्वी रुग्णाने चहा, पान वा हळदयुक्त पदार्थ घेतला आहे का हे विचारावे. श्वासगती मोजताना 'मी तुमचा श्वास मोजतो आहे' असे सांगू नये, कारण सांगताच ती बदलते.

तिसरी बाब म्हणजे रुग्णाच्या वा नातेवाइकाच्या हाताने केलेले स्पर्शन. घोट्याच्या वर अंगठ्याने काही क्षण दाबून खळगा पडतो का पाहणे, वेदनेचे स्थान एका बोटाने दाखविणे, मनगटाची नाडी घड्याळ लावून मोजणे, ज्वरमापकाने ताप पाहणे, या गोष्टी घरातील माणूस करू शकतो. मात्र त्या त्याला सोप्या मराठीत समजावून सांगता आल्या पाहिजेत. 'शोथ आहे का?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. 'संध्याकाळी चपलेचा पट्टा घट्ट होतो का?' या प्रश्नाला मिळते.

चौथी बाब म्हणजे एकांत. पडद्याच्या चौकटीबाहेर कोण बसले आहे हे वैद्याला दिसत नाही. पाचवी बाब म्हणजे नोंद, संमती व गोपनीयता. रुग्णाचे छायाचित्र वैद्याच्या खासगी भ्रमणध्वनीत कुटुंबाच्या छायाचित्रांशेजारी पडून राहणे उचित नव्हे. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने या जबाबदारीला कायद्याचे अधिष्ठानही दिले आहे.

सराव कसा घ्यावा?

महासाथीच्या काळात महाविद्यालये बंद असताना आम्ही दृक्श्राव्य सभेद्वारे जे वर्ग घेतले, त्यांत बराच काळ व्याख्यानच चालले. विद्यार्थी चित्र बंद करून ऐकत, काही झोपत. पुढे ध्यानात आले, की ज्या साधनातून आपण शिकवितो आहोत तेच साधन उद्या या विद्यार्थ्यांचे चिकित्सालय होणार आहे. म्हणजे वर्ग हीच योग्येची जागा होती, आम्ही तिचा उपयोग करीत नव्हतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. विद्यार्थ्यांचे तिघातिघांचे गट करून त्यांना सभेतील स्वतंत्र दालनांत पाठविले. एक वैद्य, एक रुग्ण, एक निरीक्षक. रुग्णाची भूमिका करणाऱ्यास आदल्या दिवशी लेखी कथानक दिले जाई. त्यात जी गोष्ट विचारल्याशिवाय सांगावयाची नाही, ती अधोरेखित केलेली असे. निरीक्षकाच्या हाती तपासणीची यादी असे, की ओळख पटविली का, संमती घेतली का, आत्ययिक लक्षणे विचारली का, रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सल्ला परत सांगावयास लावला का. दहा मिनिटांचा संवाद आणि नंतर पंधरा मिनिटांची चर्चा. मग भूमिकांची अदलाबदल.

एका कथानकात रुग्ण ही नुकतेच लग्न झालेली तरुणी होती. तक्रार 'अंगात कणकण आणि भूक नाही'. अधोरेखित गोष्ट ही, की सासूबाई शेजारी बसलेल्या आहेत आणि पाळी चुकली आहे हे तिला त्यांच्यासमोर बोलावयाचे नाही. अनेक विद्यार्थ्यांनी अग्निमांद्याचे उत्तम निदान केले, दीपन-पाचनाची योजना सुचविली आणि गर्भधारणेचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. एका विद्यार्थिनीने मात्र रुग्ण प्रत्येक उत्तराआधी डावीकडे पाहते हे टिपले. ती म्हणाली, 'ताई, मी आता फक्त हो-नाही अशी उत्तरे येतील असेच प्रश्न विचारते. चालेल ना?' आणि चार प्रश्नांत ती निदानापर्यंत पोहोचली. त्या दिवशी वर्गाला जे कळले ते माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कळले नसते.

दुसऱ्या एका कथानकात, संमती देऊन आणि नाव वगळून, मी माझ्या त्या अम्लपित्ताच्या रुग्णाचा संदेश जसाच्या तसा घातला. कथा कोणाची हे आरंभी सांगितले नाही. विद्यार्थ्यांपैकी काहींनी अविपत्तिकर चूर्ण सुचविले, काहींनी 'मागचेच घ्या' असेच उत्तर दिले. चर्चेच्या शेवटी मी सांगितले, की हे उत्तर मीच दिले होते. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यानंतर त्या तुकडीतील एकाही विद्यार्थ्याने छातीतील जळजळीवर प्रश्न न विचारता औषध लिहिलेले मी पाहिले नाही.

सरावात संपर्क मुद्दाम तोडणे, आवाज अस्पष्ट करणे, रुग्णाने दुसऱ्याच व्यक्तीची लक्षणे सांगणे अशा अडचणीही घालाव्यात. खेड्यात संपर्क तुटतोच. संवादाच्या आरंभीच 'संपर्क तुटल्यास मी याच क्रमांकावर पुन्हा दूरध्वनी करीन' असे सांगण्याची सवय लागली पाहिजे. यानंतरची पायरी म्हणजे अनुभवी वैद्याच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने खऱ्या दूरस्थ सल्ल्यात बसणे. आंतरवासितेच्या काळात ही संधी सहज देता येईल. परीक्षेतही एक स्थानक दूरस्थ सल्ल्याचे असावे, कारण ज्याची परीक्षा नाही त्याचा अभ्यास होत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

मर्यादा

हे सर्व शिकविताना मर्यादा अधिक ठामपणे शिकवावी लागते. शोधनकर्माची अर्हता पडद्यावर ठरवू नये. वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, जयपाल यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेले कल्प प्रत्यक्ष परीक्षेविना प्रथमच सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान अनिश्चित असेल तेथे औषधाने लक्षण झाकू नये.

याउलट काही ठिकाणी दूरस्थ सल्ला प्रत्यक्ष भेटीपेक्षाही उपयुक्त ठरतो. वमन-विरेचनानंतरच्या संसर्जन क्रमाचे उदाहरण घ्यावे. शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन, पाच वा सात दिवस पेया-विलेपीपासून प्राकृत आहारापर्यंत रुग्णास न्यावयाचे असते. दुर्बल झालेल्या रुग्णाला रोज चिकित्सालयात बोलावणे योग्य नाही आणि त्याच्यावर सोडून देणेही योग्य नाही. रोज दहा मिनिटांच्या संवादात भूक, मलप्रवृत्ती आणि पुढील अन्नकाल यांचा निर्णय होऊ शकतो, शिवाय पातेल्यातील पेया किती दाट झाली आहे हेही पडद्यावर दिसते. जीर्ण व्याधींतील पथ्यपालनाविषयीही असेच म्हणता येईल.

समारोप

दूरचिकित्सा स्वीकारावी की नाही, हा प्रश्न आता आपल्या हाती राहिलेला नाही. रुग्णांनी तो केव्हाच सोडविला आहे. आपल्या हाती एवढेच आहे, की आपले विद्यार्थी ती शिकून करणार की न शिकता. महाविद्यालयांतील अध्यापकबंधूंनी आपापल्या विभागात महिन्यातून एक सत्र जरी याकरिता राखून ठेवले, तरी आरंभ होईल. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. एक कथानक, एक यादी, तीन विद्यार्थी आणि आपली चूक सांगण्याची तयारी असलेला एक अध्यापक पुरेसा आहे.

माझे ते रुग्ण आजही येतात. अधूनमधून संदेशही पाठवितात. आता मी त्यांना लेखी उत्तर देत नाही. आधी दूरध्वनी करतो.